लीलाकाकूंच्या सुरळीच्या वड्या

“शी! परत तोच वास.”

ओट्याखालच्या कपाटाला पाठ टेकून कुणीतरी कुरकुरलं, अगदी माझ्या पायांजवळ. मी पातेल्यात पळी फिरवत होते. सुरळीच्या वडीचं पीठ शिजत असताना मान वळवायची नसते, तेवढ्यात गुठळी धरते. म्हणून खाली न बघताच मी म्हटलं, “कसला वास गं, जुई? बेसनाला बेसनाचाच वास येणार. अत्तर शिंपडू का?”

“आई म्हणतेय, खाऊ नकोस.”

माझी पळी थांबली आणि गुठळी धरलीच.

जुईची आई, रेणू, त्याआधीच्या पावसाळ्यात तापाने गेली होती. आता माघ चालू होता. पोर पाच वर्षांची. या वयात मुलं बाहुलीचंही म्हणणं सांगतात, भिंतीचंही सांगतात. मी मनाशी तसंच म्हटलं आणि गुठळी पळीच्या पाठीनं चिरडून टाकली.

“जुई, बाहेर जा बघू अण्णांकडे. इथे चटका बसेल,” लीलाकाकू आल्या आणि त्यांनी नातीला अंगणात पिटाळलं. मग पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “पमा, हॉटेलात मिळतं तसं दिसायला हवं हं. त्याहून चांगलं.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कऱ्हाडात घरगुती ऑर्डरी घ्यायचे. स्वयंपाकाचा कोर्स वगैरे काही नाही. टीव्ही, वाचनालयातली मासिकं आणि नवऱ्याची सोशिक जीभ, एवढ्यावर माझं शिक्षण झालेलं. लीलाकाकू तांबवेकर आमच्या शेजारीण. त्यांच्याकडून मी ऑर्डर म्हणून कधीच काही घेतलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनीच तसं बोलावलं होतं. “शेजारीण म्हणून येऊ नकोस. कामाला म्हणून ये. मला चूक चालायची नाही.”

कारण त्यांचा जावई पराग, म्हणजे जुईचा बाबा, साताऱ्याहून येणार होता, आणि एकटा येणार नव्हता.

“होणारी बायको दाखवायला आणतोय,” काकू कोथिंबीर इतकी बारीक चिरत होत्या की तिची चटणीच व्हायची. “दाखवायला! मी काय तिची सासू आहे?”

“अहो, रीत म्हणून आणत असेल.”

“रीत नाही. पुढच्या बोलण्याची वाट आहे ती. आज चहा, मग साखरपुडा, मग ‘जुईला घेऊन जातो’.” सुरी थांबली. “मी देणार नाही, पमा. सांगून ठेवते.”

हे त्या पहिल्यांदा बोलत नव्हत्या. जुईला गहू चालत नव्हता. पोळीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा, काहीही पोटात गेलं की पोर आठवडाभर आडवी. तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी शोधून काढलं, आणि नवं घर आपलंसं करावं तसं रेणूनं ते दुखणं आपलंसं केलं. रेणू गेल्यावर काकूंनी. गिरणीत सगळं गव्हावर दळतात म्हणून त्यांनी घरघंटी घेतली. पोळपाट जाळला. नवा आणला नाही. काकूंच्या यजमानांची, अण्णांची, सकाळची पोळी बंद झाली आणि त्या भल्या माणसानं भाकरीला दात लावायची सवय केली. त्या घरात गव्हाचा कण नव्हता. काकूंचा तो किल्ला होता, आणि किल्ल्यात जुई.

“बघू दे त्या बाईला,” काकू म्हणाल्या, “गव्हाशिवाय रांधायचं म्हणजे काय असतं ते. नुसती भाकरी थापून भागत नाही म्हणावं. पाहुण्यांपुढे ताट मांडावं लागतं. तिला जमेल?”

म्हणजे आमच्या त्या नाजूक वड्या पाहुणचारासाठी नव्हत्या. तो तहाचा मसुदा होता, आणि मला त्यात नक्षी काढायची होती.

नक्षी मात्र मी मन लावून काढली. साधी सुरळीची वडी कोण नाही करत? मी पिठाच्या तीन वाटण्या केल्या. एक साधं, हळदीचं. एकात पालकाचा रस, एकात बिटाचा. ताक काकूंनी स्वतः घुसळलं, मीठ-हिंग त्यांनीच घातलं, बेसनही त्यांच्याच घरघंटीतलं. आत भरायला गाजर आणि सिमला मिरचीचे केसासारखे काप, ओलं खोबरं. थाळ्या पालथ्या घालून त्यांच्या पाठीवर पीठ पसरायचं, निवायच्या आत पातळ करायचं, पट्ट्या कापायच्या आणि गुंडाळायच्या. हिरवी, लाल, पिवळी. उभ्या ठेवल्या की गुलाबाच्या कळ्या.

पहिली वडी काकूंनी उचलली. खिडकीच्या गजातून हात बाहेर घालून कट्ट्यावर ठेवली आणि मागे न बघता ओट्याशी आल्या. परसातल्या शेवग्यावर कावळा बसला होता. तो खाली उतरला, वडीपासून हातभर अंतरावर बसला, मान तिरकी करून बघत राहिला.

“येतो,” काकू म्हणाल्या. “बघतो. शिवत नाही.”

“रोज ठेवता?”

“पहिला घास रोज तिचा.”

“आणि तो कधीच…”

“हळद संपलीय वाटतं,” काकू म्हणाल्या आणि भरलेला हळदीचा डबा घेऊन कोठीच्या खोलीत गेल्या.

मी एकटी राहिले. ताटात वड्या मांडायला घेतल्या तेव्हा तो आवाज आला. ठक. मग थोडं थांबून, ठक. टाचेनं लाकूड हलकेच बडवावं तसा. रेणूला लहानपणापासून सवय होती. ओट्यावर बसायची, पाय खाली सोडायची आणि बोलता बोलता टाचा कपाटाच्या दारावर आपटायची. लग्न झालं, लेक झाली, तरी माहेरी आली की तिथेच. काकू ओरडायच्या, “रेणू, दार मोडशील!”

मी खाली वाकून बघितलं. कपाटाचं दार बंद होतं. जुई बाहेर अण्णांबरोबर होती. तिचा आवाज मला अंगणातून ऐकू येत होता.

ठक.

“काकू,” मी हाक मारली. आवाज जरा चिरकाच निघाला असावा.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “लक्ष देऊ नकोस,” म्हणाल्या. “रोज असतं.”

“काय असतं रोज?”

“लाकूड फुगलंय पावसानं.”

माघात. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून भुताखेताला हसत आलेय मी. पण हसायला दुसरं माणूस लागतं, आणि काकू हसत नव्हत्या.

हात धुऊन परत आले तर ताटातल्या वड्या उलगडल्या होत्या. सगळ्या. मघाशी कळ्यांसारख्या उभ्या केलेल्या, आता एकेक वेढा सुटून ताटात पसरलेल्या, जिभा बाहेर काढल्यासारख्या. गाजराचे काप सांडलेले. लाल, हिरव्या, पिवळ्या जिभा.

“पीठ कच्चं राहिलं,” काकू म्हणाल्या.

“कच्चं नाही हो. थाळीवर थेंब टाकून बघितला मी. सुटून आला हातात.”

“मग वारा लागला.”

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. आम्ही दोघी पुन्हा गुंडाळायला बसलो. मी प्रत्येकीत टूथपिक खोचली. एखाद्या हट्टी मुलाला धरून बसवावं तसं वाटत होतं, आणि आपण कुणाच्या मनाविरुद्ध करतोय हे मात्र कळत नव्हतं. शेवटी काकूंनी फोडणी केली. मोहरी तडतडली, तीळ उडाले, हिंगाचा भपकारा घरभर सुटला. बाहेर फाटक वाजलं.

पराग वाळला होता. आत येऊन आधी अण्णांच्या पाया पडला, मग काकूंच्या. त्याच्यामागे निवेदिता. तिशी ओलांडलेली, चष्मा, साधी सुती साडी. हातातला डबा कुठे ठेवावा हे न कळून ती तो पोटाशी धरून उभी होती. मला मनातल्या मनात तिची फजिती बघायची होती, हे कबूल केलेलं बरं. शेजारधर्म म्हणजे शेजारणीची बाजू. पण तिचे घाबरलेले हात बघून माझी बाजू जरा डळमळली.

“जुईसाठी लाडू आणलेत. नाचणीचे,” ती म्हणाली.

“तिचं वेगळं असतं,” काकूंनी डबा घेतला आणि न उघडता फडताळावर ठेवला. “बाहेरचं चालत नाही.”

“घरचेच आहेत. नाचणी घरीच दळली, मिक्सरवर. गिरणीत काय, सगळं…”

“गव्हावर दळतात,” काकू बोलून गेल्या.

“गव्हावर दळतात,” तीही त्याच क्षणी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काकूंनीच आधी नजर काढून घेतली.

सूर्य कलला होता. बैठकीत आम्ही बसलो. अण्णा आरामखुर्चीत, जुई त्यांच्या पायाशी, पराग आणि निवेदिता दिवाणाच्या कडेला, पाठ न टेकता. मी ताट मध्ये तिवईवर ठेवलं. खरं सांगते, देखणं दिसत होतं. तीन रंगांच्या कळ्या, वर खोबरं, तिळाची नक्षी.

“किती सुंदर,” निवेदिता म्हणाली. “हे गव्हाशिवाय?”

“सगळंच गव्हाशिवाय असतं इथे,” काकू म्हणाल्या. “घ्या.”

“तुम्ही आधी घ्या ना.”

“पाहुणे आधी. पराग, घे.”

“अण्णा, तुम्ही घ्या,” पराग म्हणाला.

“घेतो, घेतो. तू घे की,” अण्णांचा हात ताटाच्या दिशेनं निघाला आणि मध्येच चष्मा सारखा करायला वळला.

कुणी घेतली नाही. साताऱ्याच्या थंडीचं बोलून झालं, रस्त्याचं बोलून झालं. मी दोनदा म्हटलं, “गार होतायत हो,” आणि स्वतःचाही हात पुढे करू शकले नाही. का, ते नाही सांगता येणार. ताट मध्ये होतं आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती, हातभर अंतरावर, मान जराशी तिरकी करून बसलो होतो. परागला जे बोलायचं होतं ते तो गिळत होता. काकूंना जे ऐकायचं नव्हतं ते त्या ‘घ्या ना, घ्या ना’ म्हणून दडपत होत्या.

न शिवलेलं ताट बघत असं बसणं मला ओळखीचं होतं. रेणूच्या दहाव्याला मीही प्रीतिसंगमावर गेले होते. बायकांनी घाटावर जाऊ नये म्हणतात. काकूंना कोण अडवणार, आणि काकूंना सोडून मी कशी राहणार? पिंड मांडला, बाजूला तिच्या आवडीचं ठेवलं, सगळे मागे सरले. कावळे आले. कठड्यावर रांगेनं बसले आणि बघत राहिले. मग एकेक जण हात जोडून बोलायला लागला. अण्णा म्हणाले, “मी औषधं वेळेवर घेईन गं, रेणू.” तिची मैत्रीण म्हणाली, “तुझ्या आईकडे येत जाईन.” परागनं हात जोडले. “रेणू, जुईला मी…” एवढंच म्हणाला, आणि काकू मोठ्यानं ओरडल्या, “जुई माझ्याजवळ राहील! काळजी करू नकोस!” कावळे कठड्यावरून उडाले ते नदीपलीकडे गेले. ऊन चढलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. काय बोलायला हवं होतं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आम्ही पाण्यात पाय बुडवून घरी आलो. त्यानंतर त्या दिवसाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

“जुई, तू घे गं बाळा,” काकूंचा आवाज आला. “तुझ्यासाठीच केल्यात सगळ्या.”

त्यांनी लाल वडी उचलली, टूथपिक काढली आणि जुईच्या तोंडाशी नेली. जुईनं ओठ घट्ट मिटले.

“आ कर.”

तिनं मान हलवली. “आई नको म्हणतेय.”

पराग उभाच राहिला.

“बस तू,” काकू त्याला म्हणाल्या. आवाजात जरब होती. “हे असं चाललंय. हिचं चित्त ठिकाणावर नाही. आईची आठवण काढते आणि रोज संध्याकाळी पोट धरून बसते. मीठ-मोहऱ्या उतरवते मी, दृष्ट काढते. अशा पोरीला तुम्ही परक्या घरात नेणार?”

“रोज दुखतं?” निवेदिता म्हणाली.

“रोज. माया तुटली की पोटातच दुखतं मुलांच्या.”

निवेदिता दिवाणावरून उठली आणि जुईसमोर खाली बसली. काकूंच्या हातातल्या वडीकडे बघितलं. वास येण्याइतकी ती जवळ गेली, हात मात्र लावला नाही. “काकू, यात हिंग आहे?”

“म्हणजे काय? हिंगाशिवाय सुरळीची वडी होते?”

“पिवळी पूड असते, डबीतली, ती?”

“मग? खडा मिळतो कुठे हल्ली?”

निवेदितानं एकदा परागकडे बघितलं. तिला ते बोलायचं नव्हतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. “काकू, त्या पुडीत पीठ मिसळतात. नुसता हिंग फार उग्र असतो ना, म्हणून. काहींत तांदळाचं असतं. बऱ्याचशांत गव्हाचं.”

“हिंगात गहू?” काकू हसल्या. “कोण म्हणतं?”

उत्तर परागनं दिलं, जमिनीकडे बघत. “रेणू म्हणायची. हिंग तिनं घरात येऊच दिला नव्हता. जुईला वास आला तरी सांगायची, हे खायचं नाही.”

काकूंची बोटं तेलानं पिवळी झाली होती. वरणात हिंग, ताकात हिंग, भाजीच्या फोडणीत हिंग. पोळपाट जाळलेल्या त्या घरात रोज, दोन्ही वेळा. त्यांच्या चेहऱ्यावरून हे सगळं एकेक करून जाताना मी बघितलं आणि मला खाली बघावंसं वाटलं.

“मला सांगितलं का नाही कुणी?” त्यांनी विचारलं. ओरडल्या नाहीत. “पराग, तू का नाही सांगितलंस?”

परागनं सासऱ्यांकडे बघितलं.

“तुला काही सांगायची सोय होती का, लीला?” अण्णा म्हणाले. आरामखुर्चीतून, अगदी हळू. इतक्या वर्षांत त्यांनी काकूंना असं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाहेर उजेड उतरत होता. दिवा लावायला कुणी उठलं नाही. काकूंनी ती वडी ताटात परत ठेवली, पदराला बोटं पुसली आणि नातीला जवळ ओढलं.

“जुई, तुला खाऊ नको कोण म्हणालं?”

“आई.”

“मागे म्हणाली होती ना? साताऱ्याच्या घरी?”

“नाही. आत्ता.” जुईनं स्वयंपाकघराकडे बोट केलं, घरातलं माणूस दाखवावं तितक्या सहज. “ती रोजच सांगते. तू ऐकत नाहीस.”

निवेदिताचा हात आपसूक जुईच्या पाठीवर गेला होता, आणि तो तिनं काढला नाही. काकूंनी तो हात बघितला. बराच वेळ बघितला. मग नातीला त्यांनी हलकेच, त्या हाताच्या बाजूला, ढकलल्यासारखं सोडलं.

त्या उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. बैठकीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. आत अंधार होता. “लीला,” अण्णा म्हणाले. “राहू दे. आत नको जाऊस.” त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्याशीच त्यांनी हात जोडले.

“रेणू,” त्या म्हणाल्या, “जुई तिच्या बाबाकडे राहील. मी आता अडवणार नाही. तू जा, बाळा.”